पगाराआधीचे कर्ज: हातात किती, परत किती, कोणत्या तारखेला?

शाळा-कॉलेजांच्या प्रवेशाचा हंगाम सुरू झाला की या सदराकडे येणाऱ्या पत्रांचा सूर बदलतो. ठेवी, विमा, निवृत्तिवेतन हे विषय मागे पडतात आणि ‘पगार होईपर्यंत दहा-पंधरा हजार कोठून घ्यावेत’ हा प्रश्न पुढे येतो. या वेळी आलेल्या पत्रांपैकी चार निवडली आहेत. पहिल्या पत्राचे उत्तर मुद्दाम लांबवले आहे, कारण त्या वाचकाने तिन्ही ठिकाणच्या कागदांच्या छायाप्रती सोबत जोडल्या होत्या आणि कागद समोर असला की मोघम बोलावे लागत नाही. पत्रलेखकांची नावे त्यांच्या विनंतीवरून दिलेली नाहीत.

प्रश्न: मी अक्कलकोट रोड एमआयडीसीतील एका टॉवेल कारखान्यात सुपरवायझर आहे. पगार १९,००० रुपये. तो कागदोपत्री सात तारखेला होतो, प्रत्यक्षात बँकेत नऊ-दहा तारखेला जमा होतो. मुलीच्या डिप्लोमाच्या प्रवेशासाठी २४ तारखेपर्यंत १५,००० रुपये भरायचे आहेत. माझ्यापुढे तीन पर्याय आहेत. एक मोबाईल ॲप ‘हजारी रोज फक्त एक रुपया’ असे सांगते आणि ३० दिवसांनी सर्व रक्कम एकदम परत मागते. एक फायनान्स कंपनी ‘महिना तीन टक्के, तीन सोपे हप्ते’ असे म्हणते. आमच्या पेठेतील नागरी पतसंस्थेचा दर दसादशे १४ टक्के आहे व मुदत दहा महिने आहे, पण तेथे दोन जामीनदार लागतात आणि चार-पाच दिवस जातात. पंधरा हजारांवर रोजचे पंधरा रुपये म्हणजे चहा-भजीचा खर्च, म्हणून ॲप सर्वांत स्वस्त वाटते. माझा हिशेब बरोबर आहे का?
— एक वाचक, साखर पेठ, सोलापूर

उत्तर: हिशेब अर्धा बरोबर आहे. हजारी रोज एक रुपया म्हणजे वर्षाला साडेछत्तीस टक्के, अर्थात पतसंस्थेच्या चौदा टक्क्यांच्या अडीच पटीहून अधिक. पण आपल्याला महागात पडणारा आकडा हा नव्हेच. आपण पाठवलेल्या छायाप्रतीच्या दुसऱ्या पानावर, बारीक अक्षरांत, प्रक्रिया शुल्क ८ टक्के आणि त्यावर १८ टक्के जीएसटी असे लिहिले आहे. म्हणजे १,२०० अधिक २१६, एकूण १,४१६ रुपये, आणि ते आधीच कापून घेतले जाणार. आपल्या खात्यात जमा होणार १३,५८४ रुपये. तीस दिवसांनी परत द्यायचे आहेत मुद्दल १५,००० आणि व्याज ४५०, असे १५,४५०. साडेतेरा हजार एक महिना वापरायला मिळाले त्याचे मोल झाले १,८६६ रुपये, आणि वर्षाच्या दराने मांडले तर ते १६७ टक्क्यांच्या घरात जाते. शिवाय कॉलेजला भरायचे आहेत पुरते पंधरा हजार, तेव्हा हातात पंधरा येण्यासाठी आपल्याला मागणी करावी लागेल साधारण १६,५६५ रुपयांची, आणि शुल्क व व्याज दोन्ही त्याच मापाने वाढतील.

फायनान्स कंपनीच्या कागदावर ‘तीन टक्के’ हा शब्दप्रयोग सरळ दिसतो, पण ते तीन टक्के शेवटपर्यंत मूळ १५,००० वरच आकारले आहेत. पहिला हप्ता गेल्यावर आपल्याकडे मुद्दल दहा हजार उरते, दुसरा गेल्यावर पाच हजार, तरी व्याज मात्र दर महिन्याला ४५०. हप्ता येतो ५,४५० रुपये. फाईल चार्ज ३०० आणि त्यावरील जीएसटी धरून ३५४ रुपये आधी कापले जातात, म्हणून हातात येतात १४,६४६ आणि तीन महिन्यांत परत जातात १६,३५०. घटत्या शिलकेवर मांडल्यास हा दर महिना तीन टक्के न राहता पावणेसहा टक्क्यांच्या जवळ, म्हणजे वर्षाला सुमारे ६८ टक्के होतो. गंमत अशी की रुपयांत पाहिले तर ही कंपनी तीन महिने पैसे वापरू देऊन १,७०४ रुपये घेते, आणि ॲप एकाच महिन्याचे १,८६६ घेते.

पतसंस्थेच्या पत्रकात दर दसादशे १४ टक्के घटत्या शिलकेवर आहे. दरमहा मुद्दलाचे १,५०० रुपये आणि त्या महिन्याचे व्याज असा हप्ता धरल्यास पहिला हप्ता १,६७५ रुपयांचा येतो आणि पुढे तो थोडा थोडा उतरत जातो. दहा महिन्यांचे एकूण व्याज सुमारे ९६३ रुपये. अर्ज, स्टँप आणि इतर खर्चाचे २५० रुपये वेगळे आहेत, ते धरून खरा दर १८ टक्क्यांच्या आसपास जातो. याखेरीज ५०० रुपये शेअर्सपोटी कापले जातात. ते सभासदत्व सोडताना परत मिळतात, म्हणून खर्चात धरलेले नाहीत, पण आज हातात येणारी रक्कम तेवढ्याने कमी होते हे लक्षात ठेवून अर्जाचा आकडा लिहावा.

आता तारखांकडे या, कारण तुलना करताना लोक दर पाहतात आणि तारीख पाहायची विसरतात. फायनान्स कंपनीने आपला हप्ता दर महिन्याच्या ५ तारखेला खात्यातून आपोआप वळता होईल असे छापले आहे. आपला पगार जमा होतो दहाला. म्हणजे पाच तारखेला खात्यात शिल्लक नसणार, हप्ता परत जाणार आणि कंपनीच्या पत्रकानुसार प्रत्येक वेळी ५०० रुपये आकार लागणार. आपली बँक तिचा दंड वेगळा लावील. तिन्ही हप्ते असे परत गेले तर नुसत्या त्या आकाराचे १,५०० रुपये होतात आणि तीन महिन्यांचे संपूर्ण व्याज आहे १,३५०! हप्त्याची तारीख १२ किंवा १५ करून मिळेल का, असा एक साधा प्रश्न सही करण्यापूर्वी विचारला तर हा खर्च टळतो. पुष्कळ कंपन्या दोन-तीन तारखांतून निवड करू देतात, पण विचारल्याशिवाय कोणी सांगत नाही.

ॲपचे दुखणे याहून मोठे आहे. आपण २२ तारखेला कर्ज घेतले तर पुढच्या महिन्याच्या २२ च्या आसपास १५,४५० रुपये एकदम द्यावे लागतील. दहा तारखेला १९,००० आले, त्यातून हे बाजूला ठेवले, तर घरभाडे, किराणा, दूध आणि गाडीच्या पेट्रोलसाठी उरतात ३,५५०. एवढ्यात महिना काढता आला असता तर कर्जाची वेळच आली नसती. म्हणून बहुतेक जण बावीसला कर्ज फेडतात आणि तेवीसला तेच कर्ज पुन्हा घेतात. सहा महिने असे चालले तर शुल्काचे ८,४९६ आणि व्याजाचे २,७०० असे ११,१९६ रुपये जातात, आणि मुद्दल पंधरा हजार जागच्या जागी उभे राहते. काही ॲप यालाच ‘मुदतवाढ’ असे गोड नाव देतात.

मी स्वतः पतसंस्थेच्या कर्ज विभागात बरीच वर्षे काढली आहेत, तेव्हा माझा कल त्या बाजूला असणार असा आक्षेप कोणी घेतला तर तो मी नाकारणार नाही. पतसंस्थांचेही दोष मला ठाऊक आहेत. कर्ज समितीची बैठक लांबते, एखादा संचालक ओळखीचा असला तर कागद लवकर हलतो, आणि जामीनदार मिळवताना माणसाला चार घरी आपली अडचण उघडी करावी लागते. शेवटची गोष्ट तर कित्येकांना साठ टक्के व्याजाहून जड वाटते. तरीही आपल्या बाबतीत माझे उत्तर पतसंस्था हेच आहे. २४ तारखेला अजून अवधी आहे, अर्ज आजच द्यावा, आणि त्याच दिवशी कॉलेजच्या कार्यालयात जाऊन फी दोन टप्प्यांत भरण्याची सवलत लेखी मागावी. निम्मी रक्कम पुढच्या महिन्यावर गेली तर कदाचित साडेसात हजारांचेच कर्ज पुरेल. पतसंस्थेचे काम वेळेत झालेच नाही, तर हप्त्याची तारीख बदलून घेऊन फायनान्स कंपनी. ॲपचा विचार आपण सोडून द्यावा.

कारखान्यातून उचल मिळत असेल तर तिला सहसा व्याज नसते, हे खरे. पण उचल फिटेपर्यंत दुसरीकडे चांगले काम मिळाले तरी जाता येत नाही, ही तिची किंमत आपल्या शहरातील यंत्रमाग कामगारांना कोणी समजावून सांगायला नको. एका महिन्यात फिटेल एवढीच उचल घ्यावी.

हे सारे गणित घरी करत बसण्याची गरज आता फारशी राहिलेली नाही. १ ऑक्टोबर २०२४ पासून रिझर्व्ह बँकेने बँका आणि बिगर-बँक वित्त कंपन्या यांना नवीन किरकोळ कर्जापूर्वी ‘की फॅक्ट स्टेटमेंट’ नावाचे एक विवरणपत्र कर्जदाराला समजेल अशा भाषेत देणे बंधनकारक केले आहे. त्यात व्याज, प्रक्रिया शुल्क, विमा आणि इतर सर्व आकार एकत्र धरून काढलेला वार्षिक दर असतो. इंग्रजी आद्याक्षरांवरून त्याला ‘एपीआर’ म्हणतात. दोन कर्जदात्यांची तुलना करायची तर हाच आकडा शेजारी शेजारी ठेवावा, जाहिरातीतला नव्हे. जो आकार या पत्रात लिहिलेला नाही, तो कर्जदाराच्या स्पष्ट संमतीवाचून पुढे लावता येत नाही. आणखी एक सोय आहे, जिचा उपयोग मी क्वचितच कोणाला करताना पाहिले आहे: सात दिवस किंवा त्याहून अधिक मुदतीच्या कर्जाचे हे पत्र दिल्यावर त्यातील अटी किमान तीन कामकाजाच्या दिवसांपर्यंत कायम ठेवाव्या लागतात. ‘आत्ताच होय म्हणा, पाच मिनिटांत ऑफर संपेल’ असे पडद्यावर घड्याळ पळू लागले तर त्या घड्याळाला घाबरू नये. पतसंस्था मात्र रिझर्व्ह बँकेच्या नव्हे, सहकार खात्याच्या देखरेखीखाली असतात, म्हणून तेथे हे पत्र आपोआप मिळणार नाही. एका कोऱ्या कागदावर हातात येणारी रक्कम, हप्ते आणि सर्व कपाती व्यवस्थापकाकडून लिहून घ्याव्यात. कोणीही चांगला व्यवस्थापक त्याला नाही म्हणत नाही.

केवळ दर कळावा म्हणून पाच-सहा ठिकाणी कर्जाचे पूर्ण अर्ज भरणे मात्र टाळावे. प्रत्येक अर्जाबरोबर तो कर्जदाता आपला पतअहवाल मागवतो आणि त्या चौकशीची नोंद अहवालात राहते. थोड्या दिवसांत अशा नोंदी साचल्या की पुढचा कर्जदाता हात आखडतो. स्वतःचा अहवाल मात्र आपण पाहू शकता. सिबिल, एक्सपीरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हायमार्क या चारही संस्थांकडून वर्षातून एकदा तो विनामूल्य मिळतो.

प्रश्न: आम्ही कुंभारीच्या विडी घरकुलात राहतो. मुलगा पार्सल पोहोचवण्याचे काम करतो. त्याने फोनवर एका ॲपमधून ६,००० रुपयांचे कर्ज घेतले. खात्यात ३,९०० आले आणि सात दिवसांनी ६,००० मागू लागले. एक दिवस उशीर झाला तर माझ्या बहिणीला, त्याच्या मुकादमाला आणि शेजाऱ्यांनाही वाईट मेसेज गेले. एक जण म्हणतो, दुसऱ्या ॲपमधून काढून हे फेडून टाका. काय करावे? पुढे घ्यायची वेळ आलीच तर खरे ॲप कसे ओळखावे?
— एक विडी कामगार, कुंभारी

उत्तर: दुसऱ्या ॲपमधून काढून पहिल्याचे फेडण्याचा सल्ला कोणी हितचिंतकाने दिला असला तरी तो ऐकू नये. ३,९०० रुपयांवर एका आठवड्यात २,१०० म्हणजे वर्षाच्या दराने २,८०० टक्क्यांच्या पलीकडे जाते. दोन ॲप झाली की आठवड्याला चार हजारांची वसुली मागे लागेल.

आधी फोनमध्ये करण्यासारखे काम करावे. मुलाच्या फोनवर आलेले मेसेज, फोन करणाऱ्यांचे क्रमांक, पैसे जमा झाल्याची नोंद आणि ज्या खात्यावर पैसे मागितले जात आहेत त्याचा तपशील यांचे स्क्रीनशॉट काढून दुसऱ्या कोणाच्या तरी फोनवर पाठवून ठेवावेत. ॲप काढून टाकण्याची घाई करू नये. पुरावा त्यातच असतो. मात्र सेटिंगमध्ये जाऊन संपर्क यादी, फोटो आणि मेसेज यांसाठी दिलेली परवानगी बंद करावी, आणि यूपीआयमध्ये आपोआप पैसे वळते करण्याची संमती दिली असेल तर तीही रद्द करावी. त्यानंतर १९३० या क्रमांकावर सायबर फसवणुकीची तक्रार नोंदवावी आणि जवळच्या पोलीस ठाण्यात लेखी अर्ज द्यावा. बहिणीला आणि मुकादमाला एकदाच सांगून टाकावे की असे मेसेज येत आहेत, त्यांना उत्तर देऊ नका. धमकी देणाऱ्याचा सारा जोर अब्रूच्या भीतीवर असतो. ती गोष्ट आपण स्वतःच आधी सांगितली की त्याच्या हातात फारसे काही उरत नाही.

पैसे द्यायचे की नाही, याचे उत्तर कर्जदाता कोण आहे यावर आहे. ॲप हा फक्त दरवाजा असतो. आतला सावकार रिझर्व्ह बँकेकडे नोंदलेली बँक किंवा वित्त कंपनी असायला हवी आणि तिचे नाव कर्जाच्या करारावर असायला हवे. तशी कंपनी असेल तर तिच्याच नावाच्या खात्यावर भरणा करावा, पावती घ्यावी आणि जादा आकारणीबद्दल तिच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे लिहावे. तीस दिवसांत समाधान झाले नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनामूल्य तक्रार करता येते. त्याची माहिती १४४४८ या क्रमांकावर मिळते. करारावर कोणत्याच कंपनीचे नाव नसेल आणि पैसे कोणा व्यक्तीच्या यूपीआयवर मागत असतील, तर एक रुपयाही पाठवण्यापूर्वी पोलिसांकडे जावे. अशा लोकांना सहा हजार दिले की त्यांना एवढेच कळते की येथे मागितल्यावर मिळते.

खरे ॲप ओळखण्याची सुरुवात रिझर्व्ह बँकेच्या संकेतस्थळापासून करावी. जुलै २०२५ पासून तेथे कर्ज देणाऱ्या ॲपची यादी आहे. ती माहिती कर्जदात्या संस्थांनीच भरलेली असते, म्हणून यादीत नाव असणे म्हणजे स्वस्ताईचे प्रशस्तिपत्र नव्हे. पण यादीत नाव नसेल तर पुढे पाहूच नये. दुसरी खूण म्हणजे परवानगी. ओळख पटवण्यासाठी कॅमेरा किंवा ठिकाण एकदा विचारणे नियमात बसते, पण फोनमधील संपर्क यादी, कॉलची नोंद आणि फोटो यांना हात लावण्याची कर्जाच्या ॲपला मनाई आहे. जे ॲप संपर्क यादी मागते, ते वसुली कशी करणार हे आधीच सांगून टाकते. तिसरी गोष्ट पैशाच्या वाटेची आहे: रक्कम कर्जदात्याच्या खात्यातून थेट कर्जदाराच्या खात्यात यायला हवी आणि फेडही थेट त्याच्याच खात्यात जायला हवी, मध्ये कोणाचे खाते नको. आणि पैसे आल्यावर मन बदलले तर किमान एक दिवसाची मुदत असते. त्या मुदतीत मुद्दल आणि तेवढ्या दिवसांचा खर्च देऊन दंडाशिवाय बाहेर पडता येते, मात्र करारात लिहिलेले वाजवी प्रक्रिया शुल्क कंपनी ठेवून घेऊ शकते.

एकाच ॲपवर अनेक कंपन्यांची कर्जे दाखवणारेही असतात. त्यांना २०२५ च्या निर्देशांनुसार आपल्या मागणीशी जुळणारे सर्व प्रस्ताव कर्जदात्याचे नाव, रक्कम, मुदत, वार्षिक दर, मासिक हप्ता आणि दंड यांसह दाखवावे लागतात. एकच प्रस्ताव ठळक रंगात पुढे करून बाकीचे लपवलेले दिसले तर ते ॲप कोणासाठी काम करते हे समजून घ्यावे. वसुलीसाठीचे फोन सकाळी आठपूर्वी आणि संध्याकाळी सातनंतर करता येत नाहीत, हेही मुलाला सांगून ठेवावे.

आपण विडी कामगार आहात, तेव्हा वस्तीतील बचत गटात आपले नाव आहे का, हे पत्रात लिहिलेले नाही. असल्यास सहा हजारांची गरज तेथे मांडावी. गटातल्या बायका हप्त्यासाठी दारात येतात हे खरे, पण त्या बहिणीला मेसेज पाठवत नाहीत.

प्रश्न: पगाराला पंधरा दिवस आहेत आणि वीस हजारांची गरज आहे. आईच्या दोन पाटल्या घरात आहेत. त्या गहाण टाकण्यापेक्षा पगारावरचे कर्ज घेणे बरे नाही का? आईला वाईट वाटेल.
— एक वाचक, जुळे सोलापूर

उत्तर: आईला वाईट वाटेल हे मी मोजू शकत नाही, रुपये मोजू शकतो. बँकेतील सोनेतारण कर्जाचा दर सामान्यतः पगारावरच्या ॲप-कर्जापेक्षा पुष्कळच कमी असतो आणि ते बहुधा त्याच दिवशी मिळते. रिझर्व्ह बँकेच्या जून २०२५ च्या निर्देशांत अडीच लाखांपर्यंतच्या कर्जासाठी सोन्याच्या मूल्याच्या ८५ टक्क्यांपर्यंतची मर्यादा आहे, तेव्हा वीस हजारांसाठी दोन्ही पाटल्या ठेवाव्या लागणार नाहीत. एकच ठेवावी, आणि ‘ठेवलीच आहे तर आणखी घ्या’ असा आग्रह झाला तरी घेऊ नये. मूल्य सोन्याचे धरतात. घडणावळ आणि खडे त्यात येत नाहीत. मूल्यांकन आपल्यासमोर व्हावे, वजन आणि कस लिहिलेला कागद हाती घ्यावा. पंधरा दिवसांत सोडवणार असाल तर विचारायचा प्रश्न एकच: किमान किती दिवसांचे व्याज लावता? कर्ज पूर्ण फिटल्यावर दागिना जास्तीत जास्त सात कामकाजाच्या दिवसांत परत द्यावा लागतो आणि कर्जदात्याच्या चुकीने उशीर झाला तर दिवसाला ५,००० रुपये भरपाई ठरवलेली आहे. हे नियम बँका आणि वित्त कंपन्यांचे आहेत. सराफ बाजारातील ओळखीच्या पेढीवर पाटली ठेवणार असाल तर पुढचे उत्तर वाचावे.

प्रश्न: आमच्या चाळीत एक गृहस्थ ‘पाच टक्क्याने’ पैसे देतात. ॲपचे १०० टक्के, २०० टक्के ऐकून वाटते, हे पाच टक्के बरे. दहा हजार मागितले तर पहिल्या महिन्याचे व्याज कापून साडेनऊ हजार देतात आणि कोऱ्या चेकवर सही घेतात. सरकारने सावकारांना व्याजाची मर्यादा घातली आहे असे ऐकले. ती ॲपला लागू नाही का?
— एक वाचक, शेळगी

उत्तर: चाळीतले पाच टक्के महिन्याचे असतात, म्हणजे वर्षाचे साठ. साडेनऊ हजार देऊन दहावर व्याज धरले की तेच त्रेसष्टच्या पुढे जाते. महिन्याचा आकडा वर्षाच्या आकड्यासमोर ठेवला की तो नेहमीच लहान दिसतो. ‘पाच’ आणि ‘चौदा’ यांत पाच कमी वाटणे हीच या धंद्याची जुनी हातचलाखी आहे.

महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम, २०१४ नुसार परवान्याशिवाय सावकारी करणे हा गुन्हा आहे आणि त्याला पाच वर्षांपर्यंत कैदेची तरतूद आहे. परवानाधारक सावकारालाही राज्य शासनाने ठरवून दिलेल्या दरानेच व्याज घेता येते: शेतकऱ्यांना तारण कर्जावर दसादशे ९ आणि विनातारण १२ टक्के, इतरांना तारणावर १५ आणि विनातारण १८ टक्के. चक्रवाढ व्याज चालत नाही, आणि व्याजाची एकूण वसुली मुद्दलापेक्षा अधिक होऊ शकत नाही. ‘दामदुपट’ हा शब्द आपण आजोबांच्या तोंडून ऐकला असेल. तो नियम हाच. ब्रिटनमध्ये पगारापुरत्या कर्जांचा असाच सुळसुळाट झाला तेव्हा तेथील नियामकाने जानेवारी २०१५ पासून दिवसाला ०.८ टक्क्यांची मर्यादा घातली आणि सर्व आकार मिळून घेतलेल्या रकमेइतक्यापेक्षा अधिक घेता येणार नाहीत असे ठरवले. म्हणजे फिरून दामदुपटीलाच आले की!

ॲपच्या मागे रिझर्व्ह बँकेकडे नोंदलेली वित्त कंपनी असेल तर मात्र राज्याचा सावकारी कायदा तिला लागू होत नाही. सर्वोच्च न्यायालयाने मे २०२२ मध्ये तसा निर्णय दिला आहे. रिझर्व्ह बँकेने अशा कंपन्यांना व्याजाचा एकच कमाल दर ठरवून दिलेला नाही. दर अवाजवी असू नये असे ती बजावते, आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये अशाच कारणावरून चार कंपन्यांना नवीन कर्जे देण्यास तिने मनाई केली होती. पण ॲपवर कर्ज घेणाऱ्याचे पहिले संरक्षण म्हणजे तो वार्षिक दर स्वतः वाचणे, एवढेच राहते. या बाबतीत कायदा अपुरा आहे असे माझे मत आहे.

आपल्या चाळीतील गृहस्थांकडे परवाना आहे का, हे सहकार खात्याच्या सहायक निबंधक कार्यालयात विचारल्यास कळते, आणि परवाना नसेल तर तक्रारही तेथेच करता येते. परवाना असेल तर पाच टक्के महिना घेणे त्यांना जमणार नाही, आणि दिलेल्या प्रत्येक रकमेची पावती त्यांना द्यावीच लागेल. कोऱ्या चेकवर सही केली असेल तर तो चेक परत मागावा, तोंडी नव्हे, लेखी मागावा आणि त्या पत्राची पोच घ्यावी; चेकचा क्रमांक घरी लिहून ठेवलेला नसेल तर चेकबुकाच्या अर्धुकावरून आजच लिहून घ्यावा.